लोकसभेची पोटनिवडणूक लागली तर... मराठवाड्यातल्या मतदारानं आणि नवख्या उमेदवारानं काय, कधी करायचं

पोटनिवडणुकीची घोषणा टीव्हीवर दिसते, तोवर मतदाराच्या हातातला बराचसा वेळ निघून गेलेला असतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. बीएलओ म्हणजे गावची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी म्हणून यादी घेऊन दारोदार फिरलोय, केंद्राध्यक्ष म्हणून मशीनशेजारी रात्र काढलीय. दर वेळी मतदानाच्या सकाळी चारदोन माणसं तरी तावातावानं येतात, "माझं नाव कुठं गेलं?" तोवर उशीर झालेला असतो. ते नाव गेलेलं असतं तीन-चार महिन्यांपूर्वी, आणि परत घालायची मुदतही संपलेली असते.

हे किती महागात पडू शकतं ते नांदेडला विचारा. २६ ऑगस्ट २०२४ रोजी खासदार वसंतराव चव्हाण गेले. २० नोव्हेंबरला पोटनिवडणूक झाली आणि त्यांचे चिरंजीव, काँग्रेसचे रवींद्र चव्हाण भाजपच्या संतुकराव हंबर्डे यांच्यापेक्षा फक्त १,४५७ मतांनी पुढे राहिले. तेव्हा एका मतदान केंद्राच्या यादीत जास्तीत जास्त दीडेक हजार नावं असायची. म्हणजे सहा विधानसभा क्षेत्रांच्या अख्ख्या मतदारसंघात फरक पडला तो एका बूथच्या यादीएवढा. उलट टोक बीडचं. ३ जून २०१४ला गोपीनाथ मुंडे गेले आणि १५ ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी आल्या. पोटनिवडणूक एकतर्फी होणार की अटीतटीची, हे आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तयारी नांदेडसारखीच ठेवायची.

जागा खरंच रिकामी झाली का, आणि निवडणूक कधीपर्यंत

खासदाराचं निधन हे एक कारण झालं. राजीनामा दिला आणि लोकसभा अध्यक्षांनी तो स्वीकारला, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा लागून अपात्रता आली, न्यायालयानं निवडच रद्द केली, किंवा माणूस राज्याच्या राजकारणात परतला, तरीही जागा रिकामी होते. नांदेडकरांना शेवटचा प्रकार जुनाच ओळखीचा आहे. १९८६ला शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होऊन मुंबईला गेले आणि १९८७च्या पोटनिवडणुकीत प्रकाश आंबेडकरांना हरवून अशोक चव्हाण पहिल्यांदा लोकसभेत पोचले.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-अ सांगतं की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. पळवाटा दोन. उरलेला कार्यकाळ एक वर्षापेक्षा कमी असेल तर ही अट लागू नाही. किंवा निवडणूक आयोगानं केंद्र सरकारशी सल्लामसलत करून लेखी म्हटलं, की या मुदतीत निवडणूक घेणं कठीण आहे, तरी सुटका होते. पुण्याचं उदाहरण ताजं आहे. २९ मार्च २०२३ला गिरीश बापट गेले तेव्हा वर्षापेक्षा जास्त काळ शिल्लक होता, तरी निवडणूक लागली नाही. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३मध्ये ती घ्यायचा आदेश दिला, जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि पुणेकर सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिले. तेव्हा "सहा महिन्यांत होणारच" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला पुण्याची आठवण करून द्या.

आधी हे बघा, तुम्ही नेमके कुठल्या मतदारसंघात

मराठवाड्यात लोकसभेच्या जागा आठ. औरंगाबाद, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, उस्मानाबाद, बीड. जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, पण मतदारसंघ अजून जुन्याच नावानं आहेत. आयोगाच्या पोर्टलवर "धाराशिव लोकसभा" शोधत बसू नका.

खरा घोळ सीमांचा आहे. जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ एकच, असं बहुतेकांना वाटतं. नांदेड लोकसभेत भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड येतात. त्याच जिल्ह्यातले किनवट आणि हदगाव हिंगोलीला जोडलेले, तर लोहा लातूरला. हिंगोलीत यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड आहे. उस्मानाबादेत सोलापूरची बार्शी. जालन्यातले परतूर आणि घनसावंगी परभणीत, तर संभाजीनगर जिल्ह्यातले सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण जालन्यात. लोह्याचा माणूस नांदेडच्या पोटनिवडणुकीवर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालतो, आणि त्याला तिथं मतच नसतं.

आचारसंहितेचं मात्र उलटं. ती साधारणपणे त्या मतदारसंघाचा थोडासा भाग जरी जिल्ह्यात असला तरी अख्ख्या जिल्ह्याला लागते (महानगरपालिका हद्दीत नियम थोडा वेगळा). म्हणजे मत नाही, पण गावातलं नवं काम, नवी मंजुरी, भूमिपूजन सगळं थांबणार. आधीपासून सुरू असलेलं काम चालू राहतं. ठेकेदार "आचारसंहिता आहे" म्हणून अर्धवट रस्ता सोडून गेला असेल, तर आधी कार्यारंभ आदेशाची तारीख विचारा.

यादीतलं नाव: इथं घाई करा, बाकी सगळं नंतर

या लेखातलं एकच काम करणार असाल, तर हे करा.

मतदार कार्ड खिशात आहे म्हणजे मत आहे, असं नाही. मत यादीतल्या नावाला असतं. आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर कार्डाचा क्रमांक टाकून नाव बघा. जमलं नाही तर १९५० वर फोन करा, नाहीतर गावच्या बीएलओला गाठा. तो बहुतेक शाळेत किंवा अंगणवाडीत सापडतो. नाव सापडलं की विधानसभा क्षेत्र, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून घ्या. मतदानाच्या दिवशी नेटवर्क जातं तेव्हा हा चिठोरा कामाला येतो.

नाव नसेल तर नमुना ६. पत्ता बदलला, नाव-वय चुकलं, कार्ड हरवलं, या सगळ्याला नमुना ८. मयत किंवा गाव सोडून गेलेल्याचं नाव काढायला नमुना ७. हल्ली १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. त्या दिवशी १८ पूर्ण असलेल्याला नोंदणी करता येते. पोरगा ३० सप्टेंबरला १८चा झाला तर १ ऑक्टोबरच्या तारखेत बसतो, २ ऑक्टोबरला झाला तर थेट जानेवारीत. सतरा वर्षांच्या मुलांचे अर्ज आधीच घेतात, म्हणून बारावीच्या पोरांचे फॉर्म वाढदिवसाची वाट न बघता भरून टाका.

आता वेळेचं गणित. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर मतदार यादीत एकही नाव चढत नाही. पण मतदाराचा फॉर्म आल्यावर हरकतीसाठी सात दिवस जातात, वर पडताळणी. म्हणून उमेदवारीच्या शेवटच्या तारखेपासून दहा दिवस मागे मोजायचे. नांदेडला घोषणा झाली १५ ऑक्टोबर २०२४ला, उमेदवारीचा शेवट २९ला. दहा दिवस मागे या, १९ ऑक्टोबर. घोषणा ऐकून जागं झालेल्या माणसाला चार दिवस मिळाले. म्हणून म्हणतो, जागा रिकामी झाल्याची बातमी आली त्याच आठवड्यात यादी बघा.

आपल्याकडचा खास प्रश्न म्हणजे बाहेर गेलेली माणसं. बीडचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्यांनी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. देगलूर-बिलोलीकडची पोरं हैदराबादला, लातूरची पुण्या-चाकणला. कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) बसून किंवा कंपनीच्या गेटवर मत देता येत नाही, त्यासाठी गावी यावंच लागतं. पगारी सुट्टी मिळते. मतदारसंघात मत असलेल्या कामगाराला, रोजंदारीवाल्यालासुद्धा, मतदानाच्या दिवशीची पगारी सुट्टी हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, मग नोकरी मतदारसंघाबाहेर का असेना. कंपनीच्या एचआरला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५-ब सांगा. मुकादमाला सांगून किती उपयोग होतो ते तुम्हीच जाणता. त्याच्याशी उचल (आगाऊ रक्कम) घेतानाच बोलून ठेवावं.

आणि पुण्यात राहायला गेल्यावर तिथं नाव घातलं असेल, तर गावातलं विसरा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याविरुद्ध आहे. फॉर्मवर सही करून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरी बसून टपाली मत देता येतं. त्यासाठी १२-ड हा नमुना अधिसूचनेपासून (घोषणेनंतर निघणाऱ्या निवडणुकीच्या अधिकृत आदेशापासून) पाच दिवसांत द्यायचा. एकदा घरून मत मागितलं की केंद्रावर जाऊन देता येत नाही. आजीला गाडीत बसून बूथवर जायची हौस असेल, तर फॉर्म भरायच्या आधी तिला विचारा.

उभं राहायचंय?

दर पोटनिवडणुकीत कुणीतरी येऊन विचारतं, "सर, अपक्ष फॉर्म भरायचाय, काय काय लागतं?" हौसेनं भरलेले बरेच अर्ज छाननीत उडतात, आणि उडायचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं.

वय २५ पूर्ण हवं आणि देशातल्या कुठल्याही मतदारसंघात मतदार म्हणून नाव हवं. परभणीचा मतदार बीडला उभा राहू शकतो, फक्त आपल्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडायची. लातूरची जागा अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, तिथं जातीचा दाखला आलाच. अनामत २५ हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला साडेबारा हजार. चेक चालत नाही. एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त मतं पडली नाहीत, तर डिपॉझिट जप्त.

सूचकांमध्ये, म्हणजे अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणाऱ्या मतदारांमध्ये, लोक फसतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला आणि बाकीच्यांना दहा लागतात. आणि सूचक त्याच लोकसभा मतदारसंघाचे मतदार हवेत. वर सीमांचं एवढं चऱ्हाट का लावलं ते आता कळलं असेल. नांदेडला अपक्ष उभा राहणाऱ्यानं लोह्याच्या मेव्हण्याची आणि हदगावच्या मित्राची सही घेतली की दहाचे आठ झाले. बारा-चौदा माणसं ठरवून ठेवा, प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः तपासा. अंगठा देणारा सूचक असेल तर त्यानं निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर अंगठा उठवायला हवा, घरून उमटवून आणलेला चालत नाही.

अर्ज नमुना २-अ मध्ये. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३, जिल्हाधिकारी कार्यालयात, सरकारी सुट्टी सोडून. उमेदवार स्वतः किंवा सूचक देऊ शकतो. एकाला जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात. दोन भरा, एकात चूक निघाली तर दुसरा तारतो. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. पक्षाचा एबी फॉर्म (हाच आमचा अधिकृत उमेदवार, असं सांगणारा पक्षाचा कागद) शेवटच्या दिवशी दुपारी ३च्या आत पोचला पाहिजे. तीन वाजून पाच मिनिटांनी धापा टाकत आलेल्या कार्यकर्त्याचा काही उपयोग नाही, मग बंडखोरच अधिकृत वाटायला लागतो.

शपथपत्र म्हणजे नमुना २६. यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण. एकही रकाना कोरा ठेवू नका. काही नसेल तर "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. कोरे रकाने भरा म्हणून अधिकाऱ्यानं सांगूनही ते भरले नाहीत, तर अर्ज जातो. गुन्हे दाखल असतील तर ते माघारीनंतर प्रचार संपेपर्यंत तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर स्वतःच्या खर्चानं जाहीर करावे लागतात.

आणि शपथ! कागद सगळे चोख, पैसे भरलेले, हार घालून फोटो काढलेला, आणि शपथ घ्यायची राहिली. अर्ज दिल्यानंतर, छाननीच्या दिवसाच्या आधी, अधिकाऱ्यासमोर संविधानावरील निष्ठेची शपथ घेऊन सही करायची असते. अर्ज दिला की त्याच टेबलावर घेऊन मोकळं व्हा. नंतर घेऊ म्हणणारे छाननीच्या सकाळी रडवेले झालेले पाहिलेत.

वेळापत्रक असं चालतं. अधिसूचनेपासून सातव्या दिवशी अर्ज बंद, लगेच दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत, पण त्या दिवशी सरकारी सुट्टी आली तर तारीख पुढे सरकते. नांदेडला अधिसूचना २२ ऑक्टोबरला, अर्जाचा शेवट २९ला, म्हणजे नेमका धनत्रयोदशीला. छाननी ३०ला. माघार १ नोव्हेंबरला पडली असती, पण त्या दिवशी लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी पाडवा, तिसरा रविवार. म्हणून माघार ४ नोव्हेंबरला गेली. बंडखोरांची समजूत काढायला पक्षांना दिवाळीचे तीन दिवस फुकटात मिळाले. फराळाच्या ताटावर काय काय ठरलं असेल, याचा अंदाज ज्यानं त्यानं बांधावा.

महाराष्ट्रात लोकसभेच्या खर्चाची मर्यादा ९५ लाख. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा प्रत्येक रुपया रोजच्या नोंदवहीत लिहायचा. एका माणसाला किंवा दुकानाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही, मंडपवाल्याला आधीच सांगा. प्रचार मतदान संपायच्या ४८ तास आधी बंद.

मतदानाच्या दिवशी

ओळखपत्र मतदार कार्डच हवं असं नाही. आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटोसह पेन्शनचा कागद, अपंगांचं युडीआयडी कार्ड, यांतलं काहीही चालतं. रेशन कार्ड चालत नाही. घरपोच आलेली मतदार चिठ्ठीही ओळखीचा पुरावा नाही, ती फक्त बूथ आणि अनुक्रमांक सांगते. सहाला मतदान संपतं, पण सहाच्या ठोक्याला रांगेत असणाऱ्यांना चिठ्ठ्या मिळतात आणि सगळ्यांचं मत घेऊनच दार बंद होतं.

आपल्या भागातल्या गेल्या दोन्ही लोकसभा पोटनिवडणुका, बीड आणि नांदेड, विधानसभेबरोबर झाल्या. एकाच खोलीत दोन मशीन. लोकसभेच्या मशीनवर मतपत्रिका पांढरी, विधानसभेच्या गुलाबी. त्या दिवशी मी नायगाव तालुक्यातल्या एका शाळेत ड्यूटीवर होतो. धोतर-टोपीतले एक सत्तरीचे मामा पहिलं बटण दाबून सरळ दाराकडे निघाले.

"मामा, अजून एक मशीन राहिलं."

"आता कामून? दाबलं की."

"ते आमदाराचं, मामा. खासदाराचं राहिलं."

"खासदाराचं उन्हाळ्यात दिलं होतं की रे! सही बी केली होती तुमच्या वहीत." खरंच होतं. २६ एप्रिलला त्याच खोलीत त्यांनी मत दिलं होतं.

"ते खासदार वारले ना, मामा."

मामा थबकले. टोपी सारखी केली. "व्हय, वारले बिचारे," म्हणाले, आणि माघारी फिरून दुसऱ्या मशीनकडे गेले.

त्या खोलीत असे किती जण न वळता गेले असतील? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, दोनदा बटण, दोनदा "बीप". शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत तुमच्या मताची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती दोन्हीकडे बघायची. आणि दोन मशीनवर दोन वेगळे विचार करायलाही मोकळीक आहे. नांदेड लोकसभेतल्या सहाही विधानसभा जागा त्या दिवशी महायुतीनं जिंकल्या आणि लोकसभा काँग्रेसनं. त्याच मतदारांनी, त्याच खोल्यांत.

तुमच्या नावानं आधीच कुणी मत दिलं असेल, तर भांडून घरी जाऊ नका. केंद्राध्यक्षाला ओळख पटवून द्या आणि प्रदत्त मतपत्रिका मागा. ते मत मशीनवर नाही, कागदावर देतात आणि वेगळ्या पाकिटात जातं. मोजणीत धरत नाहीत, पण निकाल न्यायालयात गेला तर त्याला किंमत येते. बहुतेक मतदारांना हा हक्कच ठाऊक नसतो आणि खरं सांगायचं तर काही केंद्राध्यक्षांनाही आठवण करून द्यावी लागते.

पैसे किंवा दारू वाटप दिसलं तर आयोगाच्या सी-व्हिजिल या मोबाइलवरच्या तक्रार सुविधेत फोटो किंवा व्हिडिओ टाका. शंभर मिनिटांत कारवाईचं उत्तर यावं अशी व्यवस्था आहे. आपलं नाव लपवूनही तक्रार देता येते, गावात राहायचं असेल तर तेच बरं.

उमेदवारांच्या पोलिंग एजंटांसाठी एवढंच. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी पोचा, कारण अभिरूप मतदान, म्हणजे मशीन तपासायचं नकली मतदान, त्या वेळी होतं आणि किमान ५० मतं टाकून दाखवतात. ती मतं पुसली गेली, एकूण शून्य आलं, हे डोळ्यांनी बघून मगच सही करा. संध्याकाळी नमुना १७-क ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका. त्यात त्या मशीनवर एकूण किती मतं पडली ते असतं, मोजणीच्या टेबलावर हाच आकडा जुळवायचा.

मोजणी आणि त्यानंतर

दर विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं सोडत काढून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हातानं मोजतात. सहा क्षेत्रं म्हणजे तीस केंद्रं. एप्रिल २०२४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, दर विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के मशीनची तपासणी मागता येते. निकालालाच आव्हान द्यायचं असेल तर निवडणूक याचिका ४५ दिवसांत उच्च न्यायालयात. आपल्यासाठी ते औरंगाबाद खंडपीठ. ही याचिका निवडणुकीतला कुठलाही उमेदवार किंवा त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो.

निवडून आलेल्याला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत, त्या लोकसभेचा उरलेला काळच त्याचा. हरलेल्याचं, डिपॉझिट गेलेल्याचंही, एक काम मात्र बाकी असतं. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. "आपण तर हरलो, कोण विचारतंय" म्हणून जो देत नाही, त्याला आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. तेव्हा चहा-नाश्त्याच्या, झेंड्यांच्या, जीपच्या डिझेलच्या पावत्या एका पिशवीत घालून ठेवा आणि हिशेब दिल्याची पोच घ्या.